विसरलेल्या शब्दांविषयी दोन शब्द

'पुढे पाठ, मागे सपाट' ही म्हण ज्याने प्रथम योजिली, तो बहुधा आमच्याच व्यवसायातला कोणी पंतोजी असावा. सोमवारी पंधरा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून द्यावेत, मंगळवारी मुलांनी ते घडाघडा म्हणून दाखवावेत, गुरुजींनी समाधानाने पुढला पाठ काढावा, आणि पुढील सोमवारी त्या पंधरांपैकी चार शब्दही वर्गास आठवू नयेत, हा अनुभव आम्ही गेली वीस वर्षे घेत आहोत. आमच्या सहकारी शिक्षकबंधुभगिनींचा अनुभवही ह्याहून निराळा नाही. तेव्हा ह्या वार्षिक अंकाच्या निमित्ताने विद्यार्थिमित्रांशी व त्यांच्या पालकांशी ह्या एकाच विषयावर थोडे बोलावे, असे मनात आले.

विस्मरण ही स्वतः काही मोठी आपत्ती नव्हे. विसरलेला शब्द पुन्हा शिकता येतो. खरी आपत्ती आहे ती विस्मरणावरून मुले जो निष्कर्ष काढतात त्याची. लोणी काळभोरच्या एका वस्तीवरून शाळेस येणारा आठवीतला एक मुलगा गतवर्षी तास संपल्यावर मागे राहिला आणि आपली शब्दांची वही आमच्या मेजावर ठेवून म्हणाला, "सर, माझं डोकंच इंग्रजीचं नाही. रात्री पाठ करतो, सकाळी जातं. दहावी झाली की मामा टँकरवर घेतो म्हणालेत." वही चाळून पाहिली, तो प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा सुवाच्य अक्षरांत लिहिलेला! ज्या मुलाने एवढे श्रम केले त्याला आळशी कोण म्हणेल? टँकरवरचे काम हलके आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची घरे त्यावर चालतात. परंतु मुलाने ते काम पत्करावे तर आवडीने पत्करावे. आपण मंदबुद्धी आहोत अशा समजुतीने शाळेचे दार आपल्याच हाताने लावून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता ह्या मुलाची स्मरणशक्ती खरोखर दुबळी आहे काय, हे पाहू. ज्या गावी तो राहतो त्या गावी दरवर्षी देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा निरोप घेऊन सोलापूर रस्त्याने येते व मुक्काम करते. त्या सोहळ्यात चालणाऱ्या वारकरी बायाबापड्यांपैकी कितीतरी जणांनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते. तरीही टाळाच्या ठेक्यावर एकामागून एक अभंग त्यांच्या मुखातून अडखळल्यावाचून निघतात. हे पाठांतर त्यांनी कोणत्या वहीत दहा-दहा वेळा लिहून केले? कोणत्याच नाही. त्यांचा हरिपाठ रोज ठरल्या वेळी होतो. भजनात पुढला चरण पुस्तकात पाहून नव्हे, तर मनातून काढून म्हणावा लागतो. आपण चुकलो तर शेजारचा गळा लगेच सावरून घेतो. आणि जे म्हणायचे ते अर्थासकट, चालीसकट, सोबतीत म्हणायचे असते. आमचा हा विद्यार्थी अशाच कोणा आजीचा नातू आहे. घरात स्मरणशक्तीचा दुष्काळ नाही. उणीव आहे ती स्मरणाच्या रीतीची.

ह्या रीतीचा शास्त्रीय विचार प्रथम केला तो हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने. त्याने दुसऱ्या कोणास न राबवता स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्यांना काहीच अर्थ नाही अशी सुमारे २३०० अक्षरघटिते त्याने तयार केली, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि ठरावीक काळानंतर त्याच माळा पुन्हा पाठ करून पाहिल्या. दुसऱ्या वेळेस श्रम किती वाचले, ह्यावरून मनात किती उरले होते हे त्याने मोजले. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचले, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे जे जायचे त्याचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच जातो, पुढे गळती मंदावते, आणि महिना लोटला तरी काही शिल्लक राहतेच. वाचकहो, हा लेखाजोखा एका विद्वान प्राध्यापकाच्या मेंदूचा आहे! त्याचीही रात्रीची पाठशक्ती दुसऱ्या दिवशी एक-तृतीयांशावर येत असेल, तर आमच्या आठवीतल्या मुलाने खंत का करावी? विसरणे हा मनाचा धर्म आहे, मतिमांद्याची खूण नव्हे.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, व ती शिक्षकांनी व पालकांनी गाठीस बांधून ठेवण्याजोगी आहे. एक माळ एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा घोकून जेवढा लाभ झाला, तेवढाच लाभ तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या श्रमात तेच फळ! परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जाळणाऱ्या मुलाला आपण अभ्यासू म्हणतो. पण रोज दहा मिनिटे बसणारा मुलगा त्याहून थोडक्यात त्याहून अधिक पदरात पाडून घेतो.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक ह्या दोघांनी २००६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्याने तो एकच सत्र वाचून पुढची तीन सत्रे, पुस्तक मिटून, जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मौज अशी की, आपल्याला अधिक लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होती. आमच्या त्या मुलाच्या वहीचे मर्म येथेच आहे. समोरचा शब्द पाहून दहा वेळा उतरविताना हात चालतो, पण मनाला काही शोधावे लागत नाही. शब्द मनातून बाहेर ओढून काढावा तेव्हाच तो आत घट्ट बसतो. भजनातल्या आजीला पुढला चरण आठवावा लागतो, म्हणून तो तिचा होतो.

ह्या तिन्ही गोष्टी साधणारी एका साध्या खोक्याची युक्ती सेबास्टियन लाइटनर ह्याने १९७२ सालीच आपल्या जर्मन पुस्तकात सांगितली होती. तिचे आमच्या गावरान सोयीचे रूप आम्ही त्या मुलास करावयास सांगितले. घरात लग्नसराईच्या पत्रिका पडलेल्या असतात. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंचे पत्त्यांएवढे तुकडे कापावेत. एका बाजूस इंग्रजी शब्द लिहावा, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ व एक छोटे इंग्रजी वाक्य. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करावेत. नवा तुकडा पहिल्या कप्प्यात टाकावा, व तो कप्पा रोज काढावा. मराठी अर्थ पाहून इंग्रजी शब्द आठवला तर तुकडा दुसऱ्या कप्प्यात जातो. तो कप्पा दर तिसऱ्या दिवशी काढावा. तेथेही आठवला तर तिसऱ्यात जातो. तो रविवारी काढावा. कोठेही अडले तर तुकडा मुकाट्याने पुन्हा पहिल्या कप्प्यात. ह्यात शिक्षा नाही, छडी नाही, दहा वेळा लिहिणे नाही. जो शब्द विसरतो तो वारंवार भेटीस येतो आणि जो टिकला तो सवडीने येतो, एवढाच त्यातला न्याय.

खोक्यात कोणते शब्द घालावेत, हाही प्रश्न आहेच. पुष्कळ मुलांना अवघड, भारदस्त शब्दांचा मोह पडतो, आणि नित्य लागणारे शब्द मात्र कच्चे राहतात. मायकेल वेस्ट ह्या इंग्रज शिक्षकाने ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत असता बंगाली मुलांची अशीच अडचण जवळून पाहिली, आणि पुढे १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरातील शंभर शब्दांपैकी सुमारे ऐंशी ह्या एवढ्याशा भांडारातून निघतात. आता हिशेब करू. दिवसास सहा शब्द, आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर ९०० शब्द होतात. त्यांतले निम्मे गळाले असे धरले तरी ४५० हाती राहतात. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षे हा नेम चालला तर २७०० शब्द होतात. दोन हजारांचा डोंगर तो हाच!

परंतु तुकड्यावर एकटा शब्द व एकटा अर्थ लिहून भागत नाही. शब्दाला सोबत लागते. हे आम्हांस एका इंग्रजाच्या मराठी अभ्यासावरून नीट उमगते. जेम्स मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईस प्रसिद्ध झाला, व १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ४०,००० वरून ६०,००० वर गेली. जॉर्ज व थॉमस कँडी हे बंधू आणि अनेक मराठी पंडित त्यांच्या साहाय्यास होते. हा कोश उघडून पाहावा. आपला साधा 'हात' किंवा 'पोट' हा शब्दही तेथे एकटा उभा नाही. त्याच्यामागे वाक्प्रचारांची व म्हणींची रांग आहे. परक्या भाषेचा शब्द त्याच्या गोतावळ्यासकट ओळखावा लागतो, हे त्या मंडळींनी जाणले होते. १८६३ साली बाबा पदमनजी ह्यांनी त्याच कोशाचा आटोपशीर संक्षेप सिद्ध केला. म्हणजे परक्यांनी जमविलेले आपले शब्दधन आपल्याच माणसाने पुन्हा सुटसुटीत करून दिले. आणि वय उलटले म्हणून भाषा येत नाही असे म्हणणाऱ्यांनी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे स्मरण करावे. हा इंग्रज गृहस्थ १५७९ साली वयाच्या तिशीत गोव्यास आला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या.

गोतावळा न पाहता शब्द घेतला म्हणजे कशी फसगत होते ह्याचे उदाहरण गावातच आहे. लोणीच्या शिवारातून खडकवासल्याचा उजवा कालवा जातो. इंग्रजी कागदपत्रांत तो 'राइट बँक कॅनॉल' असतो. वर्गातील एका मुलीने मोठ्या गांभीर्याने विचारले होते, "कालव्याची बँक कुठं आहे?" तिचा काय दोष? 'बँक' म्हणजे पैसे ठेवण्याची जागा एवढेच तिने पाठ केलेले. 'बँक' म्हणजे नदीचा काठही होतो हे तिला त्या दिवशी कळले, व ते ती जन्मात विसरणार नाही. कारण तो अर्थ आता तिच्या बापाच्या उसाला पाणी देणाऱ्या कालव्याला बांधला गेला.

दुसरे उदाहरण त्या टँकरचेच. तेलकंपन्यांच्या आगारांमुळे आमच्या रस्त्यावर टँकरांची ये-जा अहोरात्र चालते, आणि त्यांच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' ही अक्षरे असतात. 'इन' हा उपसर्ग पुष्कळदा नकार दाखवितो. 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इन्करेक्ट' म्हणजे चूक. तेव्हा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे 'न पेटणारे' असे आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी सांगितले. वस्तुतः येथला 'इन' नकाराचा नव्हे. पेटविणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूतच तो आहे, आणि शब्दाचा अर्थ 'चटकन पेट घेणारे' असा आहे. ह्याच घोटाळ्याने जिवावर बेतू नये म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या तज्ज्ञांनी त्याच अर्थाचा 'फ्लेमेबल' हा शब्द पुढे आणला. आमच्या त्या मुलाने हे ऐकले तेव्हा त्याचे डोळे चमकले. ज्या वाहनावर जाण्याचा त्याने बेत केला होता, त्याच्याच पाठीवरचा शब्द त्याला आजवर वाचता येत होता, पण कळत नव्हता. इंग्रजी केवळ परीक्षेपुरती नाही, ती टँकरवरही लागते, हे आम्हांस त्यास निराळे सांगावे लागले नाही.

शिवाय शेतकऱ्याच्या मुलापाशी इंग्रजी शब्दांची पुंजी आधीपासूनच असते, पण ती इंग्रजी आहे हे त्याला ठाऊक नसते. विहिरीवरचा स्टार्टर, पंप, पाइप, फ्यूज हे त्याचे रोजचे सोबती. 'स्टार्टर' ठाऊक आहे तर 'स्टार्ट' म्हणजे सुरू करणे हे ठाऊक झालेच. शेवटचा 'अर' म्हणजे ते करणारा, हेही कळले. 'ट्रॅक्टर' घ्या. लॅटिनमध्ये ह्याच्या मुळाशी 'ओढणे' हा अर्थ आहे. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. आता 'अट्रॅक्ट' म्हणजे आपल्याकडे ओढणे, 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे बाहेर ओढून काढणे, 'सबट्रॅक्ट' म्हणजे खालून ओढून काढणे, अर्थात वजाबाकी. एका ट्रॅक्टरमागे ही तीन अवजारे जोडून आली! आणि देवघेव काही एकतर्फी नाही. आपली खाट तिकडे 'कॉट' झाली, बंगला 'बंगलो' झाला, आणि आपले मुंगूस तर थोडे रूप पालटून इंग्रजी कोशात जाऊन बसले आहे. जी भाषा आपल्याकडून शब्द उसने घेते, तिची एवढी भीती कशाला बाळगावी?

आता त्या मुलाविषयी. आज तो नववीत आहे. तो पहिल्या पाचांत आला, असे काही झालेले नाही. मागील परीक्षेत तो इंग्रजीत उत्तीर्ण झाला, गुण बेताचेच पडले. परंतु त्याच्या खोक्याच्या तिसऱ्या कप्प्यात चारशेहून अधिक तुकडे आहेत. ते आम्ही एका शनिवारी त्याच्यासमवेत मोजले, आणि कोणताही उचलून विचारला तरी दहांपैकी आठ त्याला येत होते. "माझं डोकंच इंग्रजीचं नाही" हे वाक्य मात्र त्यानंतर आमच्या कानी आलेले नाही. दहावीनंतर काय करावयाचे ते त्याने अद्याप ठरविलेले नाही. न ठरविणे हीही ह्या वयात एक संपत्तीच होय.

शेवटी पालकांस दोन शब्द. आमच्या सभांना आपण येता तेव्हा पुष्कळ माता-पिता संकोचाने म्हणतात, "गुरुजी, आम्हांला इंग्रजी येत नाही. आम्ही मुलाचा अभ्यास कसा घ्यावा?" ह्या तुकड्यांच्या खोक्यास आपल्या इंग्रजीची गरजच नाही. तुकड्याची मराठी बाजू आपल्याकडे ठेवा, अर्थ वाचा, व मुलाला शब्द विचारा. तो म्हणतो ते बरोबर आहे की नाही, हे मागची बाजू पाहून त्याचे तोच ठरवील. ज्या मातेस वाचताही येत नाही तिने भाकऱ्या थापता थापता एवढेच विचारावे, "परवा काय शिकलास रे? आणि मागल्या रविवारी?" आजचा धडा सगळेच विचारतात. परवाचा विचारणारे कोणी भेटत नाही, आणि शब्द तर त्या परवाच्या प्रश्नावरच जगतो. मूल अडखळले तर रागावू नका. आठवण्यासाठी धडपडत असते तेव्हाच ते खरे शिकत असते. त्याला क्षणभर वेळ द्या. हातातला मोबाइल अर्थ तत्काळ सांगतो, ही सोय चांगलीच. पण जे विनासायास येते ते विनासायास जाते. म्हणून आधी मुलाने तर्क करावा, मग मोबाइल उघडावा, असा घरात दंडक असू द्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, ही उन्हाळ्याची सुट्टी पत्रिकांची व लग्नांची आहे. तेव्हा तुकड्यांस तोटा नाही आणि मिठाईच्या खोक्यांसही नाही. घरात, रानात, रस्त्यावर, टँकरच्या पाठीवर, औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर जे इंग्रजी शब्द भेटतील त्यांतले रोज सहा उचला, अर्थ लावा व खोक्यात टाका. त्यांतले पुष्कळ विसराल, ते विसरावयाचेच असतात. पुन्हा पहिल्या कप्प्यात टाकून पुढे चला. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या तासाला आम्ही वह्या मागणार नाही, खोकी मागू.